वाचनालयाच्या ४७ टेबलांवरून वेब अ‍ॅप: कामाच्या नोंदी

नोकरी पुण्यात, पण ज्या वाचनालयात लहानपणी किशोरांसाठीची पुस्तकं वाचली त्याचा संगणक मरायला टेकलाय म्हणून तिथलं जुनं सॉफ्टवेअर नव्याने करायचं हे काम अंगावर घेतलं. तालुक्याचं ब वर्गाचं सार्वजनिक वाचनालय, साधारण ३१ हजार पुस्तकं. हे काम शनिवार-रविवारचं. माझ्यासारखंच एखादं जुनं पीएचपीचं (वेबपानं बनवायची भाषा) सॉफ्टवेअर कुणाच्या गळ्यात पडलं तर त्याला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवतोय.

१४ जून २०२५, शनिवार

सकाळच्या एसटीने पोचलो. संगणक विंडोज ७ चा, हार्ड डिस्क टकटक आवाज करते. सॉफ्टवेअर २०११ मध्ये गावातल्याच एका होतकरू मुलाने लिहिलेलं, तो आता कुठे आहे कुणालाच माहीत नाही. आत पीएचपी ५ आणि मायएसक्यूएल ५.१ (माहिती साठवणारा डेटाबेस). पीएचपी नवी टाकून भागणार नाही, कारण सगळा कोड जुन्या मायएसक्यूएल फंक्शन्सवर उभा आहे आणि ती पीएचपी ७ पासून काढून टाकली आहेत.

आधी बॅकअप. एक डंप (सगळ्या डेटाची एका फाइलीतली नक्कल) काढून पेनड्राइव्हवर, एक स्वतःला ईमेल. याआधीचा बॅकअप कधीचा, असं विचारल्यावर ग्रंथपाल बाईंनी कपाटातून एक सीडी काढली. तिच्यावर मार्करने लिहिलं होतं: २०१४.

ठरवलं ते असं: डेटाबेसमधली टेबलं (माहितीचे तक्ते) तयार आहेतच, तर त्यांच्यावरूनच कोड तयार करून घ्यायचा. जँगोमध्ये (पायथन भाषेतली वेब अ‍ॅप बनवायची तयार चौकट) इन्स्पेक्टडीबी नावाची आज्ञा आहे. ती डेटाबेस वाचून प्रत्येक टेबलासाठी एक मॉडेल (त्या टेबलाचं कोडमधलं वर्णन) लिहून देते, आणि मॉडेल मिळालं की अ‍ॅडमिनमध्ये (जँगोच्या आयत्या व्यवस्थापन-पानांत) यादी, फॉर्म, शोध हे जवळजवळ फुकट. कार्यकारिणीला सांगितलं, १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनी उद्घाटन करू. आता वाटतं, तारीख बोललो नसतो तर बरं झालं असतं.

१५ जून, रविवार

जँगो ५.२ ला मायएसक्यूएल ५.१ शी बोलायचंच नाही, किमान ८.०.११ हवं. म्हणून लॅपटॉपवर मायएसक्यूएल ८ टाकलं आणि डंप त्यात भरला. एकही तक्रार न करता भरला गेला, तिथेच संशय यायला हवा होता.

इन्स्पेक्टडीबी चालवली. चार सेकंदांत जवळजवळ ९०० ओळींची फाइल. बाईंना फोन करून म्हटलं, "अर्धं काम झालं." त्या म्हणाल्या, "बघ बाबा."

संध्याकाळी फाइल नीट वाचली. ४७ मॉडेलं, आणि नातं एकातही नाही. टेबलं सगळी मायआयसॅम या साठवणीच्या प्रकारची. त्या प्रकारात फॉरेन की (एका टेबलातली ओळ दुसऱ्यातल्या ओळीशी बांधणारा दुवा) नसते. टेबल बनवताना लिहिली तरी मायएसक्यूएल ती ओळ वाचून सोडून देतं. त्यामुळे देवघेवीच्या टेबलातला सभासद क्रमांक इन्स्पेक्टडीबीच्या दृष्टीने नुसता आकडा. त्या आकड्यामागे माणूस आहे हे तिला कळणार कसं?

बाकी सापडलेलं थोडक्यात:

परतीच्या तारखेच्या कॉलमचं नाव 'रिटर्न', वर्गांकाच्या (पुस्तकाच्या विषय-क्रमांकाच्या) कॉलमचं 'क्लास'. दोन्ही पायथनचे राखीव शब्द, म्हणून यंत्राने त्यांना 'रिटर्न_फील्ड', 'क्लास_फील्ड' करून टाकलं. हे ठीक, कॉलमचं मूळ नाव बाजूला नोंदवलेलं असतं.

प्रकाशन वर्षाचा कॉलम 'इयर' प्रकारचा. जँगोला तो प्रकार ओळखता येत नाही, तेव्हा 'हा अंदाज आहे' असा शेरा मारून मजकुराचं फील्ड दिलं. आणि मूळ घोळ वेगळाच: मायएसक्यूएलच्या 'इयर'मध्ये १९०१ ते २१५५ एवढीच वर्षं बसतात. आपलं वाचनालय एकोणिसाव्या शतकातलं. त्या काळातली सगळी पुस्तकं ०००० सालची.

देवघेवीच्या टेबलांना प्रायमरी कीच (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) नाही. जँगो अशा वेळी 'आयडी' नावाचा कॉलम असेलच असं धरून चालतं आणि पहिल्याच यादीला 'असा कॉलम नाही' म्हणून आपटतं.

२१ जून, शनिवार

आजचा अख्खा दिवस अक्षरांत गेला.

लॅपटॉपवर सगळी मराठी नावं 'à' आणि '¤' अशा किड्यांत दिसत होती. कारण सापडलं: कॉलम लॅटिन-१ चे (रोमन लिपीपुरती अक्षरपद्धत), पण जुनं पीएचपी त्यांत युटीएफ-८ चे (सगळ्या लिप्या चालणारी पद्धत) बाइट कोंबत होतं आणि वाचतानाही तसेच बाहेर काढत होतं. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, म्हणून १४ वर्षं कुणाला पत्ता नाही.

मी उत्साहाच्या भरात टेबलं थेट युटीएफ-८ एमबी-४ मध्ये (मायएसक्यूएलमधली पूर्ण युटीएफ-८) 'कन्व्हर्ट' केली. त्यामुळे मायएसक्यूएलने ते किडे हीच खरी अक्षरं समजून इमानदारीने जतन केले. तीन तास गेले. डंप पुन्हा भरला.

बरोबर पद्धत: कॉलम आधी बायनरी प्रकारात न्यायचा, म्हणजे मायएसक्यूएल अक्षरांचा विचार सोडून नुसते बाइट धरतं, मग तोच कॉलम युटीएफ-८ एमबी-४ चा करायचा. नावं लखलखीत दिसली. पण पुस्तकांच्या टेबलावर दुसरी पायरी अडकली, 'चुकीचं अक्षरमूल्य'.

हे कारण जरा सविस्तर सांगतो, कारण हे अनेकांच्या डेटात असणार. पुस्तकाच्या नावाचा कॉलम ६० चा होता. लॅटिन-१ मध्ये ६० म्हणजे ६० बाइट. देवनागरीचं एकेक चिन्ह युटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं. 'ज्ञानेश्वरी' आपण चार अक्षरं मोजतो. संगणक हलन्त, काना, मात्रा सगळं धरून ११ मोजतो, म्हणजे ३३ बाइट. निम्मा कॉलम एकाच शब्दात गेला. लांब नावं २० चिन्हांवर कापली गेलेली, आणि मध्ये स्पेस आली असेल तर, ती एकाच बाइटची असल्याने, शेवटचं चिन्ह बहुतेक वेळा मधोमध चिरलेलं. ते चिरलेलं चिन्ह बायनरीत खपून जातं, मजकुरात नाही.

पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहून शेवटचे लटकते बाइट छाटले. मग मोजलं: १,१४० पुस्तकांची नावं अपुरी. ती कुठल्याच डेटाबेसमध्ये नाहीत, फक्त दाखल नोंदवहीत (आलेल्या पुस्तकांच्या वहीत) आहेत. यादीची प्रिंट काढून बाईंकडे दिली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

२२ जून, रविवार

टेबलांना आयडी कॉलम जोडायला गेलो तर '००००-००-००' या तारखेवर अडलो. काल-परवा डंप मुकाट्याने भरला होता, मग आज का? डंपच्या फाइलच्या डोक्यावर एक ओळ असते, ती भरणी चालू असेपर्यंत मायएसक्यूएलची कडक शिस्त बाजूला ठेवते. भरणी संपली, शिस्त परत आली आणि टेबलात हात घालताच जुन्या शून्य तारखा तिच्या डोळ्यांवर आल्या. ज्या ज्या कॉलमात शून्य तारीख होती तिथे रिकामं मूल्य चालेल असं केलं, डिफॉल्ट काढला, शून्यांच्या जागी नल टाकलं. दोन तास.

टेबलं सगळी इनोडीबी (फॉरेन की चालणारा प्रकार) केली. आयडी जोडले. इन्स्पेक्टडीबी पुन्हा चालवली.

पुस्तक-लेखक जोडणीच्या टेबलाला दोन कॉलमांची मिळून प्रायमरी की होती. जँगो ५.२ हे मॉडेल आता लिहून देतं खरं, पण अ‍ॅडमिन असं मॉडेल घ्यायला साफ नकार देतं. शेवटी तिथेही साधा आयडी जोडला आणि जोडी एकमेव राहील अशी अट घातली. नवीन सोय म्हणून आधी तासभर तिच्याशी झुंजलो होतो.

२८ जून, शनिवार

४७ टेबलं का, याचा उलगडा आज झाला. देवघेवीचं टेबल दर आर्थिक वर्षाला नवं: २०११-१२ पासून २०२५-२६ पर्यंत १५. वर्गणीच्या पावत्यांचंही तसंच, १५. मग 'बुक_बॅक', 'बुक_न्यू', 'टेम्प१' असली ९. खरी टेबलं आठच. आणि माझ्या यंत्राने सगळ्यांना सारख्याच आदराने मॉडेलं दिली होती.

१५ देवघेवींचं एक टेबल करायला घेतलं. एका क्वेरीचं काम वाटलं होतं. २०१६-१७ पासून दंडाचा कॉलम वाढलाय, तो सांभाळला. एकत्र केल्यावर २ लाख ८६ हजार ओळी झाल्या. नमुन्यादाखल एका सभासदाच्या नोंदी पाहिल्या, तर एकच कादंबरी त्यांनी एकाच दिवशी दोनदा नेलेली. पुढे पाहिलं तर असे पुष्कळ.

लिपिक काकांना विचारलं. ते म्हणाले, "एक एप्रिलला जी पुस्तकं बाहेर असतात ती नव्या वर्षात ओढावी लागतात ना. जुन्या वहीतून नव्या वहीत ओढायचो तसंच." म्हणजे जुना प्रोग्रॅम न परतलेल्या ओळी पुढच्या वर्षाच्या टेबलात नकलून ठेवायचा. परतीची तारीख फक्त नव्या ओळीत पडायची. जुनी ओळ कायमची उघडी. सभासद क्रमांक, दाखल क्रमांक आणि दिल्याची तारीख तिन्ही सारखी असलेल्यांपैकी सगळ्यांत नव्या वर्षाची ओळ ठेवली. ४,३१७ ओळी गेल्या.

टेबलांची रचना वाचणाऱ्या कुठल्या यंत्राला हे समजलं असतं? काकांना दोन वाक्यांत सांगता आलं.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. एसटीच्या गाड्या पंढरपूरकडे वळवलेल्या, म्हणून गावी गेलोच नाही. घरी बसलो आणि नको तो शहाणपणा केला.

अ‍ॅडमिनचं रूप बाईंना परकं वाटेल म्हणून स्वतःचाच कोड-जनक लिहायला घेतला. डेटाबेसच्या माहितीच्या टेबलांतून कॉलमांची नावं-प्रकार वाचायचे आणि जिंजाच्या साच्यांतून प्रत्येक टेबलासाठी यादी, नवीन, बदल आणि काढून टाकणे अशी चार पानं छापायची. दुपारपर्यंत चालू. ४० पानं पटापट पडली. स्वतःवरच खूश. आयुष्यात प्रत्येक प्रोग्रॅमर हे एकदा करतोच बहुधा, जसं प्रत्येक जण एकदा कविता करतो.

१२ जुलै, शनिवार

देवघेवीचं पान हाताने सुधारत बसलो: शेवटची तारीख आपोआप यावी, दंड आपोआप मोजावा. रात्री लक्षात आलं की सभासदांच्या टेबलात फोनचा कॉलम जोडायचा राहिलाय. कॉलम जोडला, जनक पुन्हा चालवला. त्याने सगळी पानं नव्याने छापली. माझं दिवसभराचं देवघेवीचं पानही.

गिटमध्ये (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) शेवटची नोंद रविवारची. सहा तास पाण्यात.

आता केलेली रचना: यंत्राने लिहिलेलं सगळं एका वेगळ्या फोल्डरात, प्रत्येक फाइलच्या माथ्यावर 'हात लावू नये' ही ओळ. माझा कोड दुसऱ्या फोल्डरात, तो त्या क्लासांचा वारसा घेतो आणि लागेल तेवढंच बदलतो. यंत्राने हवं तितक्यांदा छापावं, माझ्या फाइलींपर्यंत त्याचा हात पोचत नाही. ही युक्ती जुनीच आहे आणि मला माहीतही होती. माहीत असणं आणि शनिवारी सुचणं यात फरक.

याच दिवशीचा दुसरा छोटा घोळ: इन्स्पेक्टडीबीच्या मॉडेलांत 'मॅनेज्ड' खोटं असतं. मी फील्ड वाढवलं, मायग्रेशन (टेबलांची रचना बदलायची पायरी) चालवलं, जँगो म्हणालं 'झालं', आणि टेबल होतं तसंच. अशा टेबलांना जँगो हात लावत नाही. फक्त कागदोपत्री नोंद करतं. ती दहाही मॉडेलं आता 'मॅनेज्ड' करून घेतली आणि पहिलं मायग्रेशन 'झालंय असं समज' म्हणून नोंदवलं.

१९ जुलै, शनिवार

फॉरेन की जोडायचा दिवस. देवघेव ते सभासद जोडायला गेलो की १४५२ क्रमांकाची चूक: ज्यांना आई-बाप नाहीत अशा ओळी. मोजल्या, १,९०८. राजीनामा दिलेले सभासद टेबलातून पुसून टाकले गेलेत आणि त्यांची देवघेव मागे राहिली.

मी म्हटलं, यांच्यासाठी एक 'माजी सभासद' नावाची ओळ करू आणि जोडून टाकू. बाई शेजारी बसून पाहत होत्या. म्हणाल्या, "अरे, पण ते फक्त ज्यांचा नंबर अजून दिला नाही त्यांचं झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणी सोडून गेलं की तो नंबर नव्या माणसाला देतो आम्ही. कार्डं छापलेली असतात ना."

मी कपाळाला हात लावला. सभासद क्रमांक २१२ हे आजवर चार जण होते. १,९०८ ओळी मला निदान दिसल्या तरी. जिथे नंबर पुन्हा दिला गेला तिथे जुन्याची देवघेव बिनबोभाट नव्याच्या नावावर चढली असती, फॉरेन की आनंदाने बसली असती आणि एकही चूक दिसली नसती. एक तिसरीतली मुलगी २०१२ साली, म्हणजे जन्माच्या आधी, तीन कायद्याची पुस्तकं वाचून गेली होती.

उपाय: सभासद म्हणजे माणूस, त्याला आतला आयडी, तो कुणी पाहायचा नाही, पुन्हा द्यायचा नाही. सभासद क्रमांक वेगळ्या टेबलात: कोणता क्रमांक, कुणाकडे, कधीपासून, कधीपर्यंत. देवघेवीची प्रत्येक ओळ तिच्या तारखेवरून त्या वेळच्या माणसाला जोडायची. जुन्या सभासदांची नावं डेटाबेसमध्ये नाहीतच, ती सभासद नोंदवहीत. काकांनी वही वाचली, मी टंकलं. रात्री साडेनऊपर्यंत. काकूंनी डबा पाठवला.

२० जुलै, रविवार

वही संपली. ३८६ नावं भरली. ज्यांचा माग लागलाच नाही अशा २७३ ओळी 'अज्ञात'कडे.

पुस्तकांच्या टेबलात 'स्टेटस' नावाचा एक आकडा आहे. ० म्हणजे बाहेर, १ म्हणजे हजर, हे कोडवरून कळलं. २ आणि ३ सुद्धा आहेत आणि ६२ पुस्तकांना ९. जुन्या कोडमध्ये ९ चा उल्लेखच नाही. काका म्हणाले, २ जीर्ण, ३ गहाळ, आणि ९ म्हणजे बाइंडरकडे गेलेली. ते त्यांनीच २०१३ साली ठरवलं होतं, स्वतःपुरतं. मॉडेलात पर्यायांची यादी लिहिली, आकड्यांऐवजी शब्द दिसायला लागले.

२७ जुलै, रविवार

वर्गांक. हा प्रकार मला तरी नवा होता. ड्युई पद्धतीने (पुस्तकांना विषयवार आकडे द्यायची पद्धत) मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबऱ्या-कथा ८९१.४६३. टेबलात हा कॉलम 'फ्लोट', म्हणून इन्स्पेक्टडीबीने फ्लोट फील्ड दिलं. पडद्यावर ८९१.४६३ नीट दिसतं. शोधलं तर एकही पुस्तक नाही! वाचनालयात निम्म्याहून अधिक कादंबऱ्या असताना.

फ्लोटमध्ये ८९१.४६३ तंतोतंत बसत नाही, जवळचा आकडा बसतो. दाखवताना मायएसक्यूएल तो गोल करून दाखवतं, तुलना करताना करत नाही. शिवाय ०२८ हा वर्गांक नुसता २८ होऊन बसलेला. वर्गांक दिसतो आकड्यासारखा, पण आहे तो पत्ता. पिनकोडची कुणी बेरीज करतं का? कॉलम मजकुराचा केला, दशांशाच्या डावीकडे तीन अंक भरून घेतले. अर्ध्या तासाचं काम, कारण शोधायला चार तास.

अनामत रकमेचा कॉलम मात्र उलट, मजकुराचा: '५०/-', '५०', 'शंभर'. तो दशांशी आकडा केला.

२ ऑगस्ट, शनिवार

चाचणी. संध्याकाळी पाच ते सात ही गर्दीची वेळ, त्या वेळी बाईंना नव्या पानावर बसवलं.

नवी देवघेव उघडताच पान लटकलं. कारण फॉरेन की जोडल्यावर पुस्तकाच्या जागी अ‍ॅडमिन ड्रॉपडाउन देतं आणि त्यात ३१ हजार पुस्तकं. पान ३ एमबीच्या वर गेलेलं. टाइप करताच शोधणारं खोकं लावलं (त्यासाठी पुस्तकांच्या अ‍ॅडमिनमध्ये शोधायचे कॉलम आधी सांगावे लागतात, नाहीतर जँगो सुरूच होत नाही). पान चटकन उघडू लागलं.

तरी रांग वाढतच गेली. एक पुस्तक परत घेऊन दुसरं द्यायला: यादी उघडा, जुनी ओळ शोधा, तारीख टाका, जतन करा, परत या, नवीन उघडा, सभासद शोधा, पुस्तक शोधा, जतन करा. मोबाइलवर वेळ लावली, ५० सेकंद. जुन्या काळ्या-निळ्या पडद्यावर त्या माऊसला हात न लावता सभासद क्रमांक, एंटर, दाखल क्रमांक, एंटर असं १२ सेकंदांत करत होत्या. सव्वासहाला त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला आणि वही काढली. "तुझं चांगलंय रे, पण लोक उभे आहेत."

राग आला, पण राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं. अ‍ॅडमिन एका वेळी एक टेबल दाखवतं. काउंटरवरचं काम तीन टेबलांतून आडवं जातं.

३ ऑगस्ट, रविवार

माझा कोड-जनक काढून टाकला. ४० पानं पुसली. पुस्तकं, सभासद, विषय, पावत्या यांच्यासाठी अ‍ॅडमिन उत्तम आहे, तिथे कुणाला घाई नसते. देवघेव, नवा सभासद आणि वर्गणी ही तीन पानं हाताने लिहायची.

देवघेवीच्या पानावर एकच खोकं. सभासद क्रमांक टाकला की त्यांच्याकडची पुस्तकं दिसतात. मग दाखल क्रमांक टाकायचा. ते पुस्तक त्यांच्याकडे असेल तर परत घेतलं जातं, हजर असेल तर दिलं जातं. फक्त एंटर. २३० ओळींचा कोड, दीड दिवस. देवनागरी आकडे टाकले तरी चालतात, पायथन त्यांनाही आकडेच मानतं, हे एक सुख.

१२ ऑगस्ट, मंगळवार

ग्रंथपाल दिन. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या फोटोला हार घातला, पेढे वाटले. उद्घाटन झालं नाही. अध्यक्षांनी भाषणात 'लवकरच' असा शब्द वापरला आणि माझ्याकडे पाहिलं.

२४ ऑगस्ट, रविवार

नवा (म्हणजे जुनाच, दुरुस्त केलेला) संगणक आणला. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), त्यावर गुनिकॉर्न आणि एनजिनएक्स (वेब अ‍ॅप चालवणारी साधनं). लॅपटॉपवरून डंप भरायला गेलो: 'अनोळखी कोलेशन' (कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम). डेबियनमध्ये मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी १०.११ येते, आणि मायएसक्यूएल ८ ने गपचूप लावलेलं '०९००_एआय_सीआय' हे कोलेशन तिला माहीत नाही. डंपमध्ये शोधून सगळीकडे 'युनिकोड_सीआय' केलं, मगच भरला. दोन्ही भावंडं म्हणून गाफील राहिलो. सुरुवातीपासूनच लॅपटॉपवर मारियाडीबी घ्यायला हवी होती.

अ‍ॅडमिन उघडलं तर नुसता मजकूर, रंगरूप काही नाही. स्थिर फाइली गोळा करायची आज्ञा विसरलो होतो. दहा मिनिटं.

खर्च: संगणक ११,५०० रुपये, एसएसडी १,९००, यूपीएसची बॅटरी १,२५०, याद्यांच्या प्रिंट ६४०. एकूण १५,२९० रुपये, वाचनालयाने दिले. माझे साधारण १४० तास, त्यातले मोजून २३ स्वतःच्या चुका निस्तरण्यात.

रात्री दोनला आपोआप बॅकअप होतो असं लावलं. मग लक्षात आलं, बाई रात्री आठला मेन स्विच बंद करून जातात. वेळ साडेसातची केली.

१३ सप्टेंबर, शनिवार

गणपती झाल्यावर सुरू केलं, कार्यक्रम वगैरे न करता. पहिला आठवडा वही आणि संगणक दोन्ही चालू होते, येत्या सोमवारपासून वही बंद. आज पाच ते सातमध्ये ७१ देवघेवी झाल्या. वेळ लावली: १४ सेकंद. बाई म्हणाल्या, "जुन्यात एंटर मारल्यावर टुंग वाजायचं. तेवढं बसव."

राहिलेलं: अपुऱ्या नावांपैकी ४१० अजून नोंदवहीतून भरायची आहेत, महाविद्यालयातल्या दोन मुली रोज तासभर येतात. प्रकाशन वर्ष आता साधा आकडा आहे, पण १९०१ आधीच्या पुस्तकांची वर्षं एकेक पुस्तक उघडून पाहावी लागतील. आणि टुंग.

अ‍ॅडमिनमध्ये स्थितीनुसार गाळणी असते, ती आयतीच मिळाली होती. काकांनी सहज 'बाइंडरकडे' वर टिचकी मारली आणि ६२ पुस्तकांची यादी पडद्यावर आली. इतक्या वर्षांत ती यादी कुणी काढलीच नव्हती, काढताच येत नव्हती. काकांनी प्रिंट घेतली, टोपी घातली आणि सायकलवर टांग टाकली. तासाभराने रिक्षातून परत आले. सायकल तिकडेच, मांडीवर सुतळीने बांधलेलं पोतं. त्यात ४४ पुस्तकं, बांधून तयार. बाइंडरचं म्हणणं, तुम्ही न्यायला आलाच नाहीत.

बिल २०१७ चं आहे. ते पावत्यांच्या कोणत्या वर्षात टाकायचं, ते उद्या बघतो.